मोजणीसाठी सोडलेले दोरे

‘ती घटना आजही आठवते’ असे एक वाक्य लिहिले आणि तिथेच थांबलो. आठवायला ती विसरली कधी होती? नोकरीतले दरोडे, खून, मारामाऱ्या यांच्या तपासाच्या गोष्टी मी चार लोकांत बसून चवीने सांगत आलो. ही कोणाला सांगितली नाही, घरातही नाही. ज्याला पकडायला नको होते त्याला मी पकडले, आणि पकडताना ते मला ठाऊक होते. नावे कोणाचीच देत नाही. त्यातली बरीच माणसे आता नाहीत, आणि जी आहेत त्यांना माझ्यापायी आधीच पुरेसा ताप झाला आहे.

जर्मनची दुसरी लढाई संपून आठ-दहा वर्षे झाली होती. मी सोलापुरात नवा फौजदार होतो. अंगावरची खाकी अजून कडक होती आणि डोके तिच्याहून कडक. त्या महिन्यात बाजारात कथलाच्या खोट्या पावल्या, म्हणजे चार आण्यांची नाणी, फिरू लागल्या. रोज एखादा व्यापारी ठाण्यात येऊन टेबलावर पावली आपटायचा, तिचा बद्द आवाज मला ऐकवायचा आणि पोलीस काय करतात असे विचारायचा. त्यात वरिष्ठ साहेबांची वार्षिक तपासणी आठवड्यावर आली होती. तपासणीच्या वेळी हाताशी एखादा आरोपी असावा असे मला फार वाटत होते. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तशी माझी गत झाली होती.

अशात खबर आली. आमचा एक खबऱ्या तंबाखूची वखार चालवायचा. तो म्हणाला, “पूर्व भागात एक म्हातारा विणकर हाय. दुकान-दुकान हिंडून पितळंच्या, तांब्याच्या चकत्या गोळा करतोय. पेटी भरून ठिवल्यात. आन् साहेब, हिंडतो तो फक्त अमावास्येला.”

अमावास्या म्हटल्यावर माझे कान टवकारले. हा माणूस बरोबर त्याच दिवशी का हिंडतो, असे मी डायरीत लिहून खाली रेघ ओढली. सोलापुरात अमावास्येला हातमाग बंद असतो, विणकराला महिन्यातली सुट्टी तेवढीच, हे पूर्व भागातले शेंबडे पोरही सांगेल. मी कोणाला विचारले नाही, कारण फौजदाराने विचारायचे नसते अशी माझी समजूत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता दोन पंच, एक हवालदार आणि तीन शिपाई घेऊन मी त्या घरी गेलो. एकच खोली, तिच्यात अर्ध्याहून अधिक जागा मागाने व्यापलेली. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून साठीच्या पुढचे एक गृहस्थ लुगडे विणत होते. त्यांची मुलगी रहाटावर कांड्या भरत बसली होती. ती तिशीची असेल. नवरा वारल्यावर माहेरी परतलेली. त्या दिवशी मी तिच्या वडिलांना अरे-तुरे केले. आता लिहिताना अहो-जाहो करतो आहे. त्याने काही भरून येत नाही, पण हात दुसरे लिहायला तयार नाही.

पेटी त्यांनी स्वतःच पुढे ओढली. आत चिंध्यांच्या लहान लहान पुरचुंड्या होत्या, चिंचोक्याहून थोड्या मोठ्या. प्रत्येक पुरचुंडी रंगीत दोऱ्याने बांधलेली, आणि दोऱ्याच्या शेपटाला गाठी मारलेल्या. एक सोडून पाहिली तर आत पितळेची चकती निघाली, कडेला एक खाच.

“हे काय आहे?”

“लढाईतले बिल्ले हायत साहेब. खुर्दा मिळत नव्हता तवा दुकानदारांनी आपापले पाडले हुते. कुनी पत्रा कापून, कुनी कासाराकडनं करून. आता कुनाला नको हायत. म्या गोळा करतो.”

हवालदार आमचे सांगोल्याकडचे, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. त्यांनी चकती हातात घेऊन उलटीपालटी केली आणि हळूच म्हणाले, “रावसाहेब, खरंच लढाईतले बिल्ले दिसत्यात की. आमच्या गावात बी हुते.”

“तुम्हाला विचारलं का मी?” मी सर्वांदेखत म्हणालो. हवालदारांनी चकती परत पेटीत टाकली.

आणि आता जे सांगायचे ते सांगून टाकतो. मलाही ते ठाऊक होते. लढाईच्या वर्षांत मी बार्शीला शाळेत होतो. दुकानात पैसा मोडायला दिला तर हातात पत्र्याचा तुकडा पडायचा, आणि पुन्हा त्याच दुकानी दिला की तेवढ्याचा माल मिळायचा. शेजारचे दुकानही तो घ्यायचे, कारण सगळ्यांना सगळ्यांच्या खाचाखुणा पाठ. शाळेसमोरच्या भजीवाल्याचा बिल्ला तिकोनी खाचेचा होता. तो मी कितीतरी वेळा खिशात बाळगला आहे. त्या खोलीत उभा राहून मी हे सगळे आठवत होतो, आणि तोंडाने मात्र ‘नाणी पाडण्याच्या कोऱ्या चकत्या’ असे पंचनाम्यात लिहायला सांगत होतो. पितळेची पावली कोण पाडतो, हा प्रश्न पंचांपैकी एकाच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. मी त्याच्याकडे पाहिले नाही.

शिपायांनी पेटी उचलली तेव्हा म्हातारे मागातून वर आले. तोवर शांत असलेला माणूस एकदम काकुळतीला आला.

“साहेब, न्या. पन दोरे सोडू नका. समदं दोऱ्यातच हाय.”

“तुझा माल तुला जसाच्या तसा मिळेल. शब्द देतो,” मी म्हणालो. घाईत माणूस काहीही बोलतो, तसा बोललो. म्हाताऱ्यांनी मात्र मान हलवली आणि हात पुढे केले. शब्द दिला म्हटल्यावर त्यांच्या लेखी तो विषय संपला होता.

बेड्या घालून त्यांना मी बाजारातून चालत नेले. जवळचा रस्ता होता, पण तो बाजारातून जात नव्हता.

ठाण्यात आल्यावर मुद्देमालाच्या नोंदीचा प्रश्न आला. नोंदवहीत नग आणि वजन लिहावे लागते. चिंधी-दोऱ्यासकट वजन कसे लिहिणार? कारकून माझ्याकडे बघू लागला. “सोडा सगळे,” मी म्हणालो. दोन शिपायांनी दुपारपर्यंत बसून पुरचुंड्या सोडल्या, गाठ सुटली नाही तिथे दोरा कापला. चकत्यांचा ढीग एका बाजूला, चिंध्या-दोऱ्यांचा दुसऱ्या. तीनशे सव्वीस नग भरले. मोजता मोजता एक तिकोनी खाचेची चकती माझ्याच बोटांत आली. बार्शीच्या भजीवाल्याची असेल किंवा नसेल, पण खाच तीच. मी ती तराजूत टाकली आणि पुढची घेतली.

चौकशी संध्याकाळी सुरू केली. त्या काळची चौकशी म्हणजे काय ते वाचकांना सांगायला नको.

“अमावास्येला कुठं जातोस?”

“कुटं बी. होटगी, अक्कलकोट, बार्शी. गाडी मिळंल तिकडं.”

“अमावास्येलाच का?”

“माग बंद असतोय की साहेब.”

शेजारी उभा असलेला शिपाई गालात हसला. माझा अपमान झाला असे मला वाटले.

“कोणासाठी गोळा करतोस? हे विकत कोण घेतो?”

“कुनी न्हाई.”

“मग कशाला? वेड लागलंय?”

म्हातारे जरा विचार करून बोलले. “साहेब, त्या दोन वर्सांत सरकारचा पैसा बाजारात नव्हता. मानसांनी एकमेकाच्या शब्दावर बाजार चालवला. पत्र्याला काय किंमत? ज्यानं दिला त्याची किंमत. लढाई सरली आन् समद्यांनी फेकून दिले. मला वाटलं, कुनीतरी ठिवावं.”

मी त्यांच्या तोंडात मारली. बापाच्या वयाचा माणूस, आणि तो खरे बोलत होता म्हणूनच मारली. खोटे बोलला असता तर मला चौकशी पुढे नेता आली असती. त्यानंतर ते बोलले नाहीत. मुलगी दोन्ही वेळ भाकरी घेऊन यायची. गजांच्या अलीकडून ती तेलुगूत काही बोलायची, नायना, नायना अशी हाक मारायची. नायना म्हणजे वडील, एवढे मला हवालदारांनी सांगितले. म्हातारे तिच्याशीही बोलत नसत, फक्त भाकरी घेत. मॅजिस्ट्रेटकडून चार दिवसांची पोलीस कोठडी मिळाली होती.

तिसऱ्या दिवशी तपासणी. आदल्या दिवशी सकाळपासून ठाणे धुणे, चुना मारणे, पट्टे-बकले उजळणे चालले होते. विटकरीची पूड होती, चिंच होती, पण घासायला चिंध्या कमी पडल्या. एक शिपाई विचारायला आला. मी दप्तर लावत होतो. मान वर न करता म्हणालो, “त्या कोपऱ्यातल्या घ्या की.”

तपासणी उत्तम झाली. वरिष्ठ साहेब माझ्या पट्ट्याच्या बकलात स्वतःच्या मिशा बघून खूश झाले. खोट्या पावल्यांच्या प्रकरणी फौजदार तत्पर आहेत, असा शेरा त्यांनी लिहिला.

साहेब गेले, आणि तासाभराने मुलगी आली. या वेळी भाकरी नव्हती. तिच्या मुठीत एक पुरचुंडी होती, निळ्या दोऱ्याची.

“तुमच्या मानसांनी पेटी उचलली तवा ही मागाखाली पडली. आज झाडताना घावली. नायना बोलत न्हाईत. तर म्या सांगते, तुमी लिहून घ्या.”

तिने पुरचुंडी टेबलावर ठेवून दोऱ्याचे शेपूट सरळ केले. वडिलांना अक्षरओळख नव्हती. म्हणून त्यांनी विणकराला जमते तसे लिहून ठेवले होते. रंग म्हणजे गाव. निळा होटगी, तांबडा बार्शी, पिवळा अक्कलकोट, हिरवा सोलापुरातला बाजार. गाठी म्हणजे दुकान. स्टेशनातून बाहेर पडले किंवा वेशीतून आत शिरले की डाव्या हाताला कितवे, तितक्या गाठी.

“आन् गाठ मारायची ती ज्याच्या हातनं नग आला त्याची,” ती म्हणाली. “कुनी पाडला ते मागनं. कुनी हातात दिला ते आधी. नायनांचा नेम हाय. इचारल्याबिगर, बसून समदं ऐकल्याबिगर ते गाठ मारत न्हाईत.”

निळा दोरा, तीन गाठी. मी ती पुरचुंडी खिशात घालून दुपारच्या गाडीने होटगीला गेलो. खरे सांगायचे तर तिला खोटे पाडायला गेलो होतो. स्टेशनाबाहेर डाव्या हाताला तिसरे दुकान किराणा मालाचे. दोऱ्याच्या गाठींना धक्का न लावता मी चकती बाहेर काढली. दुकानदाराने ती तळहातावर घेतली आणि त्याचा चेहरा बदलला.

“हौदु, आमचाच हा,” तो म्हणाला. घरचे कानडी त्याच्या तोंडून आधी निघाले. “माझ्या भावानं फुटक्या परातीचा पत्रा कापून केलेला. लढाईनंतरच्या तापात गेला भाऊ. ते विणकर बाबा आले होते मागं. दोन तास बसले. भाऊ कसा होता, कसा बोलायचा, समदं इचारलं. आमच्या घरात बी आता त्याचं नाव कुणी काढत न्हाई, साहेब.”

मग त्याने माझ्या गणवेशाकडे नीट पाहिले. “त्यांना पकडलंय का? मग माझं नाव कशात घालू नका. मी त्यांना वळखत न्हाई.” जबाबावर अंगठा घ्यायला मला अर्धा तास त्याची समजूत काढावी लागली.

परतीच्या गाडीत मी बरा विचार करत होतो, हे माझ्या बाजूने नोंदवून ठेवतो. चकत्या परत बांधून द्यायच्या, दोरे कापले असले तरी गाठी जागेवर असतील, दोरे बघून आठवेल तसे मुलगी आणि म्हातारे मिळून जुळवतील. ठाण्यात शिरलो ते थेट कोपऱ्याकडे गेलो. कोपरा झाडून लख्ख केलेला होता.

“इथल्या चिंध्या कुठं गेल्या?”

हवालदार उठून उभे राहिले. “बकलं घासली की, रावसाहेब. काळ्या झाल्या तशा चुलीत घातल्या.” मग म्हणाले, “तुमीच म्हनालात की, त्या घ्या म्हनून.”

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरे झाले असते, मला त्यांच्यावर ओरडता आले असते. माझ्या कमरेला पट्टा होता आणि त्याचे बक्कल अजून चकाकत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. मी तर संन्याशाच्या झोळीने बूट पुसले होते.

दुसऱ्या दिवशी पुराव्याअभावी सोडण्याचा अहवाल दिला आणि म्हाताऱ्यांची सुटका झाली. खोट्या पावल्या पाडणारे दोघे पुढे दुसऱ्या तालुक्यात दुसऱ्याच अधिकाऱ्याला सापडले, त्यात माझे काही नाही. मुद्देमाल परत देताना मी पोत्याचे तोंड उघडून दाखवले. म्हाताऱ्यांनी आत हात घातला, मूठभर चकत्या वर काढल्या आणि पुन्हा सोडल्या. त्यातल्या निम्म्यांवर काहीच खूण नव्हती, बाकीच्यांवर एखादी खाच, एखादे भोक, एखादा ठिपका. कुठल्या गावचा, कोणाच्या हातचा, त्यांतली एकही सांगत नव्हती.

“दोरे?” त्यांनी विचारले. तोंडात मारल्यापासूनचा तो त्यांचा पहिला शब्द होता.

“मोजणीसाठी सोडावे लागले. नियम आहे,” मी म्हणालो. बकलांचे सांगितले नाही. “पुन्हा जाऊन विचारा दुकानदारांना. ओळखतील ते.”

त्यांनी पावतीवर अंगठा उठवला. मुलीने पोते आणि रिकामी पेटी उचलली. निळी पुरचुंडी प्रकरणाच्या कागदांत टाचलेली होती. ती त्याच वेळी द्यायला हवी होती. कागद निकाली निघाले की देऊ, असे मी ठरवले.

पुढच्या अमावास्येला मी बाजारात होतो. म्हातारे एका भांड्यांच्या दुकानासमोर उभे होते, तळहातावर चार चकत्या घेऊन. दुकानदाराने लांबूनच हात हलवला, “माजा न्हवं, माजा न्हवं, पुढं जावा.” पुढच्यानेही तेच केले. ज्याला बेड्या घालून याच रस्त्याने नेले त्याच्या हातातली वस्तू आपली आहे, असे कोण म्हणेल? मी वीस-पंचवीस पावलांवर होतो. पुढे होऊन एवढेच म्हणायचे होते, की हा माणूस सच्चा आहे, चूक माझी झाली. एक वाक्य. त्या बाजाराने ते ऐकले असते, कारण फौजदाराचे कोण ऐकत नाही? मी कोपऱ्यावरून डावीकडे वळलो. तोंडात मारल्याची लाज वाटतेच, पण तेव्हा मी रागात होतो असे तरी म्हणता येते. कोपऱ्यावरून वळलो तेव्हा मी पूर्ण शुद्धीत होतो.

वर्षभरात माझी बदली झाली. तपासणीच्या त्या शेऱ्याचा उपयोग झाला. कागद निकाली निघाले तेव्हा निळी पुरचुंडी मी काढून घेतली आणि ती माझ्या सामानाबरोबर गावोगाव फिरली. परत द्यायची तर समोर जावे लागणार होते. टपालाने पाठवायचाही विचार केला, म्हणजे माझी मजल कुठवर गेली होती ते बघा.

सात-आठ वर्षांनी पुन्हा सोलापूरला आलो. पहिल्याच अमावास्येला, साधे कपडे घालून, पूर्व भागात गेलो. तेच घर होते. माग बंद होता, आणि मुलगी उंबऱ्यात बसून सूत उकलत होती. केस पांढरे झाले होते. तिने मला ओळखले.

“नायना?” मी विचारले.

“तीन वर्सं झाली.”

मी खिशातून पुरचुंडी काढली. मला वाटले होते ती काही बोलेल, शिव्या देईल. तिने पुरचुंडी घेतली, गाठी अंगठ्याने चाचपल्या, “होटगी,” म्हणाली आणि आत गेली. परत आली ती तीच जुनी पेटी घेऊन.

“वर्सभर पोतं मागाखाली पडून हुतं. नायनांनी हात लावला न्हाई. बाजारात जानं बी सोडलं. मग एका अमावास्येला बसले आन् समदे नग बांधून काढले. चार अमावास्या लागल्या.”

तिने झाकण उघडले. पेटी भरून पुरचुंड्या होत्या, पहिल्यासारख्याच नेटक्या. निळा, तांबडा, पिवळा, हिरवा, एकही रंग त्यात नव्हता. तीनशे सव्वीस पुरचुंड्यांना एकच दोरा होता. खाकी. प्रत्येकीच्या शेपटाला एकच गाठ.

तिने अर्थ सांगितला नाही आणि मी विचारला नाही. त्यांचा नेम मला माहीत होता. ज्याच्या हातून नग आला त्याची गाठ, आणि पोते त्यांना माझ्या हातून मिळाले होते. म्हाताऱ्यांनी त्यात राग घातला नव्हता, सूड घातला नव्हता. जे घडले तेवढेच नोंदवले होते. माझ्या उभ्या नोकरीत मी इतका खरा पंचनामा लिहिला नाही.

“सूत खाकी कुठून आणलं?” मी काहीतरी बोलायचे म्हणून बोललो.

“घरी रंगवलं,” ती म्हणाली. निळी पुरचुंडी तिने सगळ्यांच्या वर ठेवली आणि झाकण लावले. “बसा. चा टाकते.”

मी बसलो नाही. आज वाटते, बसायला हवे होते. म्हातारे बिल्ले मागायला जात तेव्हा लोक त्यांना बसवून घेत आणि सांगत. मला त्या घरात सांगण्यासारखे एकच होते, बकलांचे, आणि ते ऐकायला आता तीच उरली होती. मी पायांत वहाणा घातल्या आणि निघालो. बकलांचे मी इथे पहिल्यांदा लिहिले आहे.